डाव्या पायाचं काम: रायपूरहून चित्रकोट, एक मॅन्युअल आणि एक ऑटोमॅटिक

आधीच सांगते, गाडीचं नाव या पोस्टमध्ये सापडणार नाही. मागे मी नुसत्या मिक्सरबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या तर कमेंटमध्ये दोन दिवस जुंपली होती. इथे तर गाडीचा मामला आहे. रायपुरात माणूस स्वतःबद्दल चार शब्द वाकडे ऐकून घेईल, गाडीबद्दल एक नाही.

तर झालं असं की आम्ही नवी गाडी बुक केली. म्हणजे आमच्या ह्यांनी केली आणि मी पेढे वाटले. गाडी साधीसुधी नाही, परफॉर्मन्स एसयूव्ही. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, जिच्या इंजिनात गरजेच्या दुप्पट ताकद असते आणि ती वापरायला गरजेच्या निम्मा रस्ता मिळतो, तिला परफॉर्मन्स एसयूव्ही म्हणतात. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच शून्यावरून शंभरावर जाते म्हणे. आम्ही तात्यापाऱ्यात राहतो. आमच्या गल्लीत शून्यावरून वीसवर जायचं तर आधी एक गाय, एक ई-रिक्षा आणि शेजाऱ्यांनी उन्हात टाकलेली गादी हलवावी लागते.

शोरूमवाल्या मुलीचा फोन आला, "सर, मॅन्युअल या ऑटोमॅटिक, मंडे तक बता दीजिए, नहीं तो नंबर आगे चला जाएगा." आणि आमच्या घरात पेटलं.

आमचे हे, म्हणजे प्रकाशराव, पाटबंधारे खात्यात इंजिनियर आहेत आणि 'शुद्ध मॅन्युअल, रायपूर' या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे ॲडमिन. या ग्रुपवर सकाळी गुड मॉर्निंगच्या फुलाऐवजी गियरच्या दांड्याचा फोटो येतो. सगळे पन्नाशीच्या पुढचे. कोणाची कंबर गेलेली, कोणाचा गुडघा. तरी ऑटोमॅटिकचं नाव काढलं की सगळ्यांच्या अंगात येतं. "ते काय चालवणं आहे? नुसतं बसणं आहे ते," असं प्रकाशराव सोफ्यावर बसून म्हणतात. ह्यांचं घराणं भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आलं, त्याचाही हवाला झाला. "आमचे पूर्वज घोड्यावर आले होते, ऑटोमॅटिकवर नाही."

मी म्हटलं, "घोड्याले क्लच कुठं असते? घोडा ऑटोमॅटिकच असते."

त्यावर ते उठून जुनी गाडी पुसायला गेले. तेवढीच शांतता.

आता माझी बाजू ऐका, कारण या प्रवासात माझा जीव कशात अडकला होता ते तुम्हाला कळायला पाहिजे. माझी आई राजनांदगावला एकटी राहते. बाबा रेल्वेत होते, रिटायर होऊन तिथेच घर बांधलं, आणि आता ते नाहीत. राजनांदगाव म्हणजे काय परदेश नाही, दुर्ग-भिलाईची गर्दी धरूनही दीड-दोन तासांत पोचतो. पण मी जाणार कधी, तर ह्यांना सुट्टी असेल तेव्हा, ह्यांचा मूड असेल तेव्हा, ग्रुपची मीटिंग नसेल तेव्हा. दर शनिवारी आईचा फोन येतो, "येतं का वं पोट्टे उद्या?" आणि मी म्हणते, "पाहते, ह्यांना विचारून सांगते." मला स्वतःच्या हाताने गाडी चालवत आईच्या दारात जायचं होतं. बस्स. दुसरं काही नाही.

लायसन्स आहे माझ्याकडे. क्लासला जाऊन, रीतसर परीक्षा देऊन काढलेलं. पण लायसन्स मिळाल्यावर पहिल्यांदाच ह्यांना शेजारी बसवून मी आमची जुनी गाडी सदर बाजारात घातली, ही माझी चूक. सोनाराच्या दुकानासमोर गाडी बंद पडली. मागे स्कूटरींची रांग, पुढे हातगाडी, आणि शेजारी हे, "क्लच! क्लच!" करून ओरडताहेत. दुकानातली गिऱ्हाइकं बांगड्या हातात तशाच धरून बाहेर आली आणि सल्ले देऊ लागली. शेवटी ह्यांनी मला भर रस्त्यात उतरवलं, स्वतः बसले आणि जमलेल्या लोकांना हसून म्हणाले, "मॅन्युअल आहे. सगळ्याईले नाही जमत."

त्या दिवसापासून किल्ली ह्यांच्या खिळ्यावर आणि मी डाव्या सीटवर. म्हणून मला ऑटोमॅटिक हवी होती. क्लचच नसला तर ओरडणार कशावर? पुण्याहून मुलगीही फोनवर म्हणाली, "मम्मी, ऑटोमैटिक लो और खुद चलाओ, पापा की सुनो ही मत." पोरीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत. ते दुःख वेगळ्या पोस्टचं आहे.

या भांडणात मुकेश भैया पडले. भैया म्हणजे ह्यांचे शाळेपासूनचे मित्र, उरल्याला, कारखान्यांच्या भागात, त्यांची रोलिंग मिल आहे. त्यांच्याकडे हीच गाडी आहे. एक नाही, दोन. एक मॅन्युअल, एक ऑटोमॅटिक, दोन्ही पांढऱ्या, आणि उरल्याच्या धुळीने दोन्ही राखाडी. दोन कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "भाभीजी, एक लेने गए थे, समझ में नहीं आया कौन सी लें, तो दोनों ले ली." आमच्याकडे असा प्रश्न पडला की माणूस घरी जाऊन विचार करतो. त्यांच्याकडे चेक फाडतात.

"ऐसा करो," भैया म्हणाले, "दोनों गाड़ी लेके चित्रकोट चलते हैं. जाते-आते में फैसला हो जाएगा." त्यांची बायको, सरिता दीदी, लगेच तयार. मीही. प्रकाशराव म्हणाले, "फैसला झालेलाच आहे, पण चला." आणि त्यांनी ग्रुपवर टाकून दिलं की ऑटोमॅटिकची पोलखोल करायला बस्तरला निघालोय.

शनिवारी उजाडताना निघालो. चित्रकोटला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, रायपूर ते जगदलपूर रस्ता तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, चांगला आहे, पण मध्ये केशकालचा घाट आहे आणि घाटात कधी काय अडकेल याचा नेम नाही. म्हणून लवकर निघा आणि पाणी, बिस्किटं जवळ ठेवा. आम्ही मॅन्युअलमध्ये पुढे, भैया-दीदी ऑटोमॅटिकमध्ये मागे. प्रकाशरावांनी त्या दिवशी नवे बूट घातले होते. पातळ तळाचे. क्लचचा अंदाज तळपायाला कळावा म्हणून.

अभनपूरपर्यंत मला गियरबॉक्सवर प्रवचन ऐकावं लागलं. "हे पाह्य, आता तिसरा. आवाज ऐकला? आता चौथा. गाडी आपल्याशी बोलते." मी म्हटलं, "मंग तिच्याशीच बोला, मी जरा डोळे मिटते." पण मिटले नाहीत. पाहत होते. क्लच कुठवर दाबतात, कुठे सोडतात, पायाकडेच नजर होती माझी.

धमतरीला नाश्ता केला. हायवेच्या बाजूच्या टपरीवर पोहा-जलेबी आणि गरम मुंगौडी, म्हणजे मुगाची भजी. चौघांचं मिळून एका मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नपेक्षा कमीच झालं. टपरीवाल्याने दोन्ही गाड्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "भैया, दोनों एके गाड़ी हे का?" प्रकाशराव सरसावले. "दिखने में एक है, अंदर से जमीन-आसमान का फर्क है." टपरीवाला म्हणाला, "हव," आणि जलेबी तळायला वळला.

सरिता दीदीला मी विचारलं, तुम्ही चालवता का? घरी दोन-दोन गाड्या आहेत म्हणून. त्या म्हणाल्या, "ना बाबा. चलाने का काम इनका, मुझे तो बैठने का शौक है." इतक्या समाधानाने म्हणाल्या की मला हेवा वाटला. मला बसण्याचा शौक असता तर किती सोपं झालं असतं.

तोवर भैया त्यांच्या ऑटोमॅटिकचे मोड दाखवत होते. एक साधा, एक पेट्रोल वाचवायचा, आणि एक स्पोर्ट. स्पोर्टमध्ये टाकलं की इंजिनाचा आवाज मोठा होतो, आणि तो आवाज म्हणे थोडा इंजिनातून येतो, थोडा स्पीकरमधून. "म्हणजे खोटा?" मी विचारलं. भैया म्हणाले, "भाभीजी, बहुत महँगा वाला खोटा." या मोडमध्ये ते रोज सकाळी दही आणायला जातात. प्रकाशरावांना तर हर्ष झाला. फोटो काढून ग्रुपवर. 'नकली आवाज' असं खाली लिहून.

कांकेरला पेट्रोल भरून घ्या, चहा पिऊन घ्या, आणि बायांनो, बाथरूमचंही तिथेच आटपा. पुढे घाट आहे.

घाट लागला आणि सगळं थांबलं. पुढे कुठेतरी एक ट्रेलर वळणावर फसला होता. दुतर्फा साल-सागवानाचं हिरवंगार रान, माकडं कठड्यावर बसून आमच्याकडे पाहताहेत, आणि गाड्यांची रांग मुंगीच्या पायाने वर चढतेय. दहा हात पुढे, थांबा. पाच हात पुढे, थांबा. इतक्या ताकदीची ती गाडी, आणि आमच्या बाजूने एक म्हातारा सायकल हातात धरून पुढे निघून गेला.

मॅन्युअलवाल्या माणसाचं खरं रूप चढावरच्या जाममध्ये दिसतं. शहाणा माणूस काय करतो? थांबला की हँडब्रेक ओढतो, पायाला आराम देतो. पण प्रकाशरावांच्या ग्रुपमध्ये हँडब्रेक म्हणजे रडीचा डाव. ते गाडी अर्ध्या क्लचवर तोलून धरतात. ना पुढे, ना मागे. "याले म्हणतात कंट्रोल," ते म्हणाले. अर्धा तास कंट्रोल चालला. मग मला वास आला.

"अहो, काहीतरी जळून राहिलं."

"समोरच्या ट्रकचं असंल."

"समोर बस आहे."

"मंग बसचं."

वास आमच्याच गाडीचा होता. क्लचच्या प्लेटा भाजत होत्या, आणि त्याही दुसऱ्याच्या गाडीच्या. मी ह्यांच्या पायाकडे पाहिलं. मांडी अशी थरथरत होती की डब्यातली बिस्किटंही खडखडत होती. कपाळावर घाम. एसी चालू असून! खरं सांगते, त्या क्षणी मला राग नाही आला, दयाच आली. माणूस गुडघ्याच्या दुखण्याने रात्री तेल लावून घेतो आणि दिवसा ग्रुपसाठी मर्दानगी चालवतो.

रांग सरकत सरकत देवीच्या देवळापाशी आली. केशकालच्या घाटात तेलीन सती मातेचं देऊळ आहे, येणारा-जाणारा तिथे क्षणभर थांबतोच. ट्रकवाले तर हमखास. गाड्या खोळंबलेल्याच होत्या, मुकेश भैया मागून हात हलवत चालत आले. अगदी ताजेतवाने. हातात शेंगदाण्याचा पुडा. त्यांचा डावा पाय सकाळपासून सुट्टीवर होता ना! "आओ भाईसाहब, माता को नारियल चढ़ा दें."

प्रकाशराव म्हणाले, "तुम लोग जाओ. मी गाडी नाही सोडत. चढावर मॅन्युअल सोडून जाता येत नाही."

खोटं होतं ते. हँडब्रेक ओढून, गाडी पहिल्या गियरमध्ये टाकून खुशाल उतरता येतं. त्यांना उतरताच येत नव्हतं. मी काही बोलले नाही. दीदीबरोबर गेले, नारळ घेतला, फोडला, आईसाठी एक खोबऱ्याचा तुकडा पदराला बांधला आणि परत आले.

गाडीपाशी येते तो भैया गंभीर चेहरा करून उभे. "भाईसाहब, नारियल किसने फोड़ा?"

"सुनीतानं," हे म्हणाले.

"तो फिर घाट भाभीजी ही चढ़ाएँगी. हमारी मिल के सारे ट्रक ड्राइवर मानते हैं. जिसके हाथ से माता को नारियल चढ़ा, स्टेअरिंग उसी के हाथ में. इसीलिए तो मैंने आपको बुलाया था, भाईसाहब. मेरी गाड़ी का मैंने फोड़ा."

प्रकाशराव हसले. "क्या भैया, मी इंजिनियर माणूस आहे."

"एक बार हमारे एक ट्रकवाले ने नहीं माना था."

"मंग?"

"मत पूछो."

आता हा इंजिनियर माणूस कसा आहे ते मी जाणते. धरणाच्या भिंतीचं गणित कागदावर करतो आणि साइटवर जाताना मांजर आडवं गेलं तर जीप थांबवतो. स्कूटरला लिंबू-मिरची ह्यांनीच बांधलेली. ह्यांनी देवळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग स्वतःच्या पायाकडे. आणि जरा जास्तच पटकन म्हणाले, "देवीचं आहे म्हणून हं. घाटापुरतं."

उतरताना दाराला धरून उतरले. "गुडघा नाही, मुंग्या आल्या," म्हणाले. मी विचारलंही नव्हतं.

मी बसले. सीट पुढे ओढली, आरसा खाली केला. बाप्पा! समोर बस, मागे भैयांची गाडी, त्यामागे ट्रकच ट्रक, आणि एका बाजूला दरी. क्लासच्या मास्तरांनी ओव्हरब्रिजवर शिकवलेलं आठवायला लागले. हँडब्रेक वर. पहिला गियर. क्लच हळू सोडा, गाडीचं नाक उचललं की हँडब्रेक खाली.

बस सरकली. मी क्लच सोडला, आणि गाडी धाडकन बंद पडली.

"क्लच! क्लच!" डावीकडून सुरू झालं.

मागून हॉर्न. कठड्यावरची माकडंसुद्धा उठून उभी राहिली. मला सदर बाजार आठवला, ती सोनाराची पायरी, त्या बांगड्या हातात धरलेल्या बाया. डोळ्यांत पाणीच आलं. आणि मग काय झालं कोण जाणे, मी हँडब्रेक ओढला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ह्यांच्याकडे वळले.

"अहो, ओरडायचं असंल तर खाली उतरा अन् मागच्या गाडीत जाऊन बसा. देवीनं मले चालवायले सांगतलं आहे. तुम्हाले बोलायले नाही सांगतलं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, असं मी पहिल्यांदाच बोलले. ह्यांनी सीटबेल्ट ओढून घट्ट केला.

गाडी सुरू केली. क्लच हळू, हळू, आणखी थोडा. नाक उचललं. पायाखाली एक बारीक थरथर आली, आणि मी हँडब्रेक खाली केला. गाडी पुढे गेली. मागे बोटभरही नाही सरकली! दहा हात जाऊन थांबले, पुन्हा हँडब्रेक. पुन्हा नाक. पुन्हा पुढे. चौथ्या-पाचव्या वेळी मी श्वास घ्यायला लागले, आणि त्यानंतर मला मजा यायला लागली. खोटं कशाला बोलू? गाडी बोलते असं हे म्हणायचे तेव्हा मी डोळे फिरवायचे, पण ती बोलते हो. पायाला सांगते, आता सोड, आता धर. फक्त शेजारी कोणी ओरडत असलं की ऐकू येत नाही.

जळका वासही गेला. त्याबद्दल ह्यांनी काहीच म्हटलं नाही. फक्त दर वेळी मी क्लच दाबला की ह्यांचा डावा पाय समोरच्या रबराच्या चटईवर दाबला जायचा. घाटमाथ्यापर्यंत दाबत होते बिचारे.

फसलेला ट्रेलर ओलांडला आणि वळणं मोकळी झाली. दुसरा गियर, तिसरा, वळणाआधी परत दुसरा. घाटमाथ्यावर केशकालला पोचल्यावर मी गाडी बाजूला घेतली, उतरले आणि दीदीच्या गळ्यात पडून रडले. त्यांना वाटलं घाबरले. मी आनंदाने रडत होते.

"घाट झाला, आता किल्ली दे," असं प्रकाशराव म्हणतील म्हणून मी वाट पाहिली. ते म्हणाले, "तू चालव थोडं. मी जरा त्या ऑटोमॅटिकचा अभ्यास करतो. पोलखोल करायची तर आतून पाहिलं पाहिजे." आणि निघालेच. लंगडत, पण लगबगीने. सरिता दीदी माझ्या गाडीत आल्या. कोंडागाव यायच्या आत ऑटोमॅटिक गाडी सुसाट आमच्या पुढे गेली, आणि चालवत कोण होतं? शुद्ध मॅन्युअलचे ॲडमिन. डावा पाय सीटवर मुडपून घेतला होता, पूजेला बसल्यासारखा.

जगदलपूरला हॉटेल आधी ठरवून जा, सुट्टीत जागा मिळत नाही. जेवणात तांबड्या मुंग्यांची चापडा चटणी मिळाली तर चाखा. आंबट असते, तिखट असते, आणि मुंग्या आहेत हे विसरलं तर छान लागते. दीदींनी चाखली नाही, पण नातेवाइकांना घाबरवायला एक डबी बांधून घेतली.

चित्रकोट तासाभरावर आहे. पाऊस संपून थोडेच दिवस झाले होते, इंद्रावती अजून गढूळ आणि भरलेली होती. त्या पाण्याकडे पाहत आपण काही बोलत नाही, कारण ऐकूच येत नाही. खाली होड्या चालू असतील तर जरूर बसा, भाडं मात्र आधी ठरवा. मी कठड्याशी उभी राहिले आणि एकच विचार करत होते, आईला इथे आणायचं. मीच आणायचं. आजवर असा विचार माझ्या मनात शिरलाच नव्हता, कारण त्याच्या दारात किल्लीचा खिळा होता.

तुषारांपासून चष्मा वाचवत मी मागे सरकले तर झाडाआड दोघे मित्र बोलत होते. पाण्याच्या आवाजावर मात करायला ओरडून बोलत होते, म्हणून मी ऐकलं. माझा दोष नाही.

"आराम तो है, भैया," आमचे हे. "गुडघा दुखलाच नाही. पन ग्रुप में किसी को बोलना मत."

"मैं तो ग्रुप में हूँ ही नहीं, भाईसाहब. आपने ही निकाला था, ऑटोमैटिक ली तब."

रविवारी परतताना वाटणी आपोआप झाली. ऑटोमॅटिक प्रकाशरावांकडे, भैया-दीदी त्यांच्याबरोबर, आणि मॅन्युअलमध्ये मी. एकटी. शेजारची सीट रिकामी, तिच्यावर माझी पर्स. काय सुख होतं म्हणून सांगू! कोंडागाव ते केशकाल मी मोठ्याने गाणी म्हटली, भसाड्या आवाजात.

घाट उतरताना हे माझ्या पुढे होते. रस्ता मोकळा होता. देऊळ जवळ आलं, थांबायचं होतं. आणि ह्यांना वाटलं, थांबायचं तर क्लच दाबायला हवा. मुडपलेला डावा पाय खाली आला आणि सवयीने, पूर्ण जोर लावून, बसला तो थेट ब्रेकवर. ऑटोमॅटिकमध्ये तिथे दुसरं असतंच काय? आयुष्यभराच्या मॅन्युअलची सगळी ताकद त्या एका ब्रेकवर पडली. ती गाडी जागच्या जागी रुतली. मागे मी. माझे दोन्ही पाय एकदम खाली गेले, क्लच आणि ब्रेक, आणि माझी गाडी त्यांच्या मागे हातभर अंतर ठेवून थांबली. बंदसुद्धा पडली नाही. चालूच होती.

धावत जाऊन पाहिलं तर कोणाला काही लागलं नव्हतं, देवीची कृपा. पण दीदींच्या मांडीवरची चापडा चटणीची डबी पुढे उडून फुटली होती. पांढऱ्याशुभ्र सीटवर, डॅशबोर्डच्या पडद्यावर, गियरवर आणि ॲडमिनच्या शर्टावर तांबड्या मुंग्या.

"ब्रेक चेक करून राहिलो होतो," प्रकाशराव म्हणाले.

"बढ़िया हैं, भाईसाहब," भैया शर्टावरच्या मुंग्या वेचत म्हणाले.

त्या दिवशी दोन नारळ फुटले. एक त्यांच्या गाडीचा, एक माझ्या.

सोमवारी सकाळी चहा घेताना प्रकाशरावांनी घसा साफ केला. "मी काय म्हणतो सुनीता, तुझा विचार केला मी. तुले सोपं पडंल. आईकडे जाशीन-येशीन. ऑटोमॅटिकच घेऊ. ग्रुपवर सांगीन का बायकोसाठी घेतली."

चार दिवसांपूर्वी हेच वाक्य ऐकायला मी काय वाटेल ते दिलं असतं. माझ्या डोळ्यांसमोर तो मुडपलेला पाय आला, पूजेला बसलेला. आणि माझ्या लक्षात आलं की ही गाडी आली तर एकदा माझ्यासाठी येईल आणि रोज ह्यांच्यासाठी निघेल.

"मॅन्युअल घेऊ," मी म्हटलं.

"अगं पण ..."

"काहून? गाडी बोलते ना? ते नुसतं बसणं आहे असं तुम्हीच म्हणता."

बिचाऱ्यांनी कप खाली ठेवला. इतकी वर्षं मॅन्युअलच्या बाजूने जी भाषणं दिली, ती सगळी पुढ्यात येऊन उभी राहिली, आणि विरोधात बोलायला एक वाक्य शिल्लक नव्हतं. गुडघा म्हणाले असते तर मी ऐकलं असतं, देवाशप्पथ. पण गुडघा म्हणणार कोण? शोरूमला फोन मीच केला. ग्रुपवर ह्यांनी विजयाची पोस्ट टाकली, 'शेवटी मॅन्युअलच!' तिला चाळीसेक अंगठे आले.

तर दोन्हींत चांगली कुठली, असं विचारणाऱ्यांना माझं प्रामाणिक मत: गुडघा दुखत असेल, रोज सदर बाजारात जायचं असेल, तर मुकाट्याने ऑटोमॅटिक घ्या, लाजू नका. आणि तुम्हाला नाही जमत असं कोणी भर रस्त्यात सांगितलं असेल, तर घाटापर्यंत मॅन्युअल न्या एकदा. मग काय घ्यायचं ते घ्या.

गाडी आली त्या रविवारी राजनांदगावला गेलो. मी चालवत. हे डावीकडे, चटईवर क्लच दाबत, गुडघ्यावर मलमाची पट्टी. टाटीबंधपासून दुर्गपर्यंत तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा मिटलं.

आई दारातच उभी होती, हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या. नव्या गाडीवरून आणि गाडी आणणाऱ्या जावयावरून उतरवून टाकायचा म्हणून. ती सवयीने उजव्या दाराशी आली, जावयासाठी पदर सावरला, आणि दारातून उतरले मी.

आई एकदा माझ्याकडे पाहते, एकदा पलीकडून उतरणाऱ्या ह्यांच्याकडे. "अगं माय! गाडी तू आणली? अन् जावईबापू, तुम्ही काहून नाही चालवली?"

प्रकाशराव दाराला धरून उभे राहिले. शेजारच्या बाया ओट्यावर आल्या होत्या, दोन म्हातारे पेपर खाली करून पाहत होते. सदर बाजारात होती तेवढीच गर्दी. मी मनातल्या मनात तयारी केली.

"मॅन्युअल आहे, आई," ते म्हणाले. "सगळ्याईले नाही जमत."

आईने भाकरतुकडा माझ्यावरून उतरवला.